आठ दिवसांनी या

३ नोव्हेंबर, सोमवार

कापणी निम्मी झाली. खालच्या खाचरांत अजून घोटाभर पाणी. चिखलात उभं राहून कापतोय. लॅबमधून दोन दिवस सुट्टी घेतली. डावा अंगठा कापला, थोडाच.

आबांना सकाळी ओटीवर खुर्चीत बसवलं. श्रावणात झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं उरलंय. आज बराच वेळ हायवेच्या दिशेने बघत होते. मग म्हणाले, "पावने?"

आई म्हणाली, "येतील. अजून वल हाय शेतात."

मी आत गेले. भांडी घासलेली होती, ती परत घासली.

पावणे म्हणजे घाटावरचे मेंढपाळ धोंडिबामामा, हिरामामी आणि त्यांच्या मेंढ्या. आबा माणसांना आणि मेंढ्यांना एकच शब्द वापरतात. दरवर्षी कापणीनंतर ते ताम्हिणीचा घाट उतरून कोलाड, खांब, नागोठणं करत गडबपर्यंत येतात. पहिला वाडा, म्हणजे मेंढ्यांचा मुक्काम, आमच्या खाचरात बसतो; लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं.

बसायचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेल्या वर्षीचं एकदा लिहूनच ठेवते. मनात ते रोज थोडं बदलतं. कधी मी फार वाईट असते, कधी अजिबात नसते. झालं तेवढंच लिहायचं.

दुपारची वेळ. मामा आणि मामी अंगणात बसले होते. मेंढ्या रस्त्याकडेला. आबा नुकतेच शेतातून आलेले, हातात मातीचं एक ढेकूळ. मी चहा आणला. रोह्याच्या माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागून दोन महिने झाले होते. कप देता देता बोलले, "यंदा मेंढ्या नकोत. माती ओली आहे. खुरांनी दबेल, मग मुळांना हवा मिळत नाही."

मामा हसले. आबांना म्हणाले, "पोरगी शिकली की वो पाटील." (आम्ही पाटील नाही. ते सगळ्यांनाच म्हणतात.)

आबा हातातलं ढेकूळ फिरवत होते.

मी पुढे बोलले. चिकणमाती, पोकळी, एकदा घट्ट झाली की किती वर्षं लागतात, सगळं. मामा माझ्याकडे नाही, आबांकडे बघत होते. वाट बघत होते, हे आता कळतं. आबा गप्प. मामीने कप विसळून पालथे घातले. "चला," म्हणाली. गेले.

मी बोलले ते खरं होतं. आजही खरं आहे. पण माझ्या लॅबच्या वहीत त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे. ओल उतरेपर्यंत आठ-दहा दिवस थांबावे, त्यानंतर मेंढ्या बसवणे जमिनीस उत्तम. म्हणजे "आठ दिवसांनी या", एवढंच म्हणायचं होतं.

विसरले नव्हते. सगळे माझं ऐकत होते आणि मला ते आवडत होतं. तेवढ्यात ते उठले.

ढेकूळ आबांनी ओटीच्या कठड्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी केर काढताना मी ते झाडून टाकलं.

९ नोव्हेंबर, रविवार

काशीनाथकाका आले. आमच्या बांधाला लागून त्यांचा बांध. "काय गो डॉक्टरीण, यंदा तरी मातीला बरा वाटंल का?"

आई म्हणाली, "चा घे नि गप बस."

ते हसले. मग चहा पिताना सावकाश म्हणाले, "माजे वाल पिवले पडले गेल्या साली. तू बघितलास ना?"

मी म्हटलं, त्याला बरीच कारणं असू शकतात.

"व्हय. कारना लय असतात."

ते भांडत नाहीत, तेच जड जातं. खाडीकडच्या या ओळीत सहा घरांची शेतं आहेत. पहिलं आमचं. पहिल्या शेताने नाही म्हटलं की पावणे पुढच्या कुणाकडे विचारत नाहीत आणि पुढचा कुणी त्यांना बोलवत नाही. हे मला माहीत नव्हतं. एका घराला नाही म्हटलं असं मला वाटलं होतं. सहा घरांना झालं.

काकांनी गेल्या वर्षी लेंडीखत नाही म्हणून गोणीचं खत दुप्पट टाकलं, आणि पेंढा खायला मेंढ्या नाहीत म्हणून उरलासुरला जाळला. जाळू नका म्हणून सांगायला मी बांधापर्यंत गेले होते. मग मागे फिरले. कोणत्या तोंडाने.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खाचर एकच्या मातीचा रिपोर्ट मीच काढला. माती मीच घेतली होती, नागमोडी चालत, बांधापासून लांब, झाडाखालची नाही. सगळं नियमाने. सेंद्रिय कर्ब "मध्यम"मधून "कमी"त. क्षार वाढलेले.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "एका वर्षात कर्ब असा उतरत नाही सुजाता. नमुन्या-नमुन्यात फरक पडतो. शिवाय खारीची जमीन."

बरोबर आहे. कुणा शेतकऱ्याने विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. कर्ब उतरला तो माझ्यामुळे, हे सिद्ध होत नाही.

माझ्यामुळे नाही, हेही होत नाही.

दुसरा नमुना घेऊन परत केला. तेच.

१४ नोव्हेंबर

मार्चमधलं आठवलं. खाचर एक उघडं पडलं होतं, वर पांढरी खार फुटलेली. दुरून पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. इतर वर्षी लेंड्या आणि तुडवलेला पेंढा यांचा थर असतो, खार एवढी वर येत नाही. आबा उकिडवे बसले, बोटाने थोडी उचलून जिभेला लावली. मला वाटलं, आता बोलतील. गेल्या वर्षीबद्दल काहीतरी.

"भूक लागलेय जमिनीला," म्हणाले. उठले. माझ्या खांद्यावर हात टेकून उठले.

तेव्हा दोन्ही हात चालत होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल जे झालं ते काल लिहिता आलं नाही.

आबा काहीतरी मागत होते. डावा हात शेताकडे. मी पाणी दिलं. टॉवेल दिला. चष्मा दिला. चष्मा त्यांनी फेकला, तो कधी फेकत नाहीत. मी रडायच्या बेतात. आई मागून आली, बघितलं, खाली शेतात गेली आणि मातीचं ढेकूळ घेऊन आली.

आबांनी ते डाव्या मुठीत धरून दाबलं. कणकेसारखं चपटं झालं, बोटांचे ठसे उमटले. "नाय," म्हणाले. आणि तो गोळा माझ्या तळहातावर ठेवला.

आई म्हणाली, "दरसाल हाच चालतो. पहिल्या खाचरातला ढेकूळ नेऊन मामाच्या हातात द्यायचा. तो दाबून बघतो. असा चेपला तर तो सोताच मागं खांबला जाऊन आठ दिवस थांबतो. भुगा झाला तर मेंढ्या बसवतो."

मी विचारलं, "आणि ढेकूळ दिलंच नाही तर?"

"तर बोलावलाच नाय. सोपा हाय."

आबांच्या हातात त्या दिवशी ढेकूळ होतं. ओलं होतं. मामांनी दाबलं असतं, आठ दिवस थांबले असते. माझ्या वहीत जे लिहिलंय तेच झालं असतं, मी एक शब्द न बोलता.

"मला कुणी कधी सांगितलं नाही," मी म्हटलं.

आई म्हणाली, "तू कवा होतीस गो इथं?"

रागाने नाही म्हणाली. खरंच आहे. पाचवीपासून रोह्याला आत्याकडे. सुट्टीत आले की आबा म्हणायचे, तिला शेतात नेऊ नका, पाय खराब होतील, वाचू दे. घरातली पहिली शिकणारी. मी ओटीवर बसून वाचत असायची आणि मेंढ्या आधीच खाचरात बसलेल्या असायच्या. आपोआप आल्यासारख्या.

१९ नोव्हेंबर

मामांचा जुना नंबर लागत नाही. आईकडे दुसरा नाही.

झोडणी झाली. पेंढ्याची उडवी रचली. दाणा यंदा हलका आहे, आई सुपाने पाखडताना दोनदा थांबली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज सकाळी एक ढेकूळ आणते. आबा दाबतात. "नाय."

मी त्याच जागची माती डब्यात भरून लॅबला नेते, वजन करते, ओव्हनमध्ये सुकवते, परत वजन. आबांचं "नाय" आणि माझा आकडा. एकदाही चुकले नाहीत. मॅडमनी विचारलं, हे कोणाचे नमुने? घरचे, म्हटलं.

संशय खाण्याचा माझा स्वभाव. तिसऱ्या दिवशी मुद्दाम काशीनाथकाकांच्या शेतातलं ढेकूळ दिलं. आबांनी दाबलं नाही. वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

शरम वाटली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लॅबमध्ये खांबहून एक शेतकरी माती घेऊन आले. सहज विचारलं. म्हणाले, मेंढ्या आल्यात, टेकडीच्या बाजूला उतरल्यात, बाई ओळखीची आहे, हिराबाई. "पन कळप लहान दिसतो औंदा."

हातातली पिशवी खाली ठेवली. नमुन्यावर नाव लिहिताना त्यांचं नाव दोनदा लिहिलं.

आईला सांगितलं. आबांना नाही. ढेकूळ अजून चेपतंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज फुटलं. आबांच्या मुठीतून भुगा खाली पडला, लुगड्यावर, आईच्या. आबा हसले, तोंडाच्या एका बाजूने.

"आता," म्हणाले.

३० नोव्हेंबर, रविवार

खांबला जाऊन आले. सविस्तर लिहिते.

सकाळी खाचर एकच्या मधोमधलं ढेकूळ घेतलं. लॅबच्या पिशवीत घालणार होते, मग आईच्या जुन्या चोळीच्या कापडात बांधलं. नागोठण्याला एसटी बदलली. हायवेवरून आत पंधरा मिनिटं चालत. मामी एकटी होती, तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या करत. मामा मेंढ्या घेऊन टेकडीमागे गेले होते.

तिने मला ओळखलं. "बस," म्हणाली. भाकरी दिली. मी खाल्ली, नाही म्हणायचा अधिकार नव्हता.

आबांचं सांगितलं. तिचा हात तव्यावर थांबला. "उजवी बाजू?" "हो." "बोलतोय का?" "थोडं." "जेवतोय का?" "आई भरवते." तिने भाकरी उलटली. ती करपली होती.

मग मी म्हटलं, गेल्या वर्षी मी चुकले.

मामी म्हणाली, "तू काय चुकलीस? वल व्हतीच."

"कळप लहान दिसतोय, मामी."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग सांगितलं. आमच्याकडून निघाले तेव्हा पुढे कुणी बोलावलेलं नव्हतं. बसायला जागा नाही. पेणच्या अलीकडे हायवेच्या कडेला, नवीन रस्त्याच्या भरावाखाली, मेंढ्या थांबवल्या. पहाटे ट्रेलर कळपात घुसला. किती मेल्या ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढं चालणारा मेंढा गेला. त्याच्या मागून बाकीच्या यायच्या.

"तुज्यावर न्हाय म्हनत म्या," ती म्हणाली. "टेलर काय तू चालवत न्हवतीस."

मी कापडाची गाठ चाचपली.

"मालक एवढंच म्हनत्यात, पाटील बोलला असता तर थांबलो असतो आठ दिस. वल काय आमाला दिसत न्हाय व्हय? पर तो गप बसला. पोरीचा शबूद त्याला मोडवंना. मग आमी तरी कसा मोडायचा?"

मी कापड सोडलं, ढेकूळ दिलं. दोन्ही हातांनी दिलं. तिने घेतलं, पण फोडलं नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

"हे त्यांचं काम हाय. दावते."

"मी परत कधी येऊ?"

"तू नको येऊस. यायचं आसंल तर आमीच यिऊ."

निघताना म्हणाली, "बापाला सांग, हिरी आठवन काढीत व्हती."

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. नागोठण्यापर्यंत काही बघितल्याचं आठवत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आबांनी विचारलं, "दिलं?" म्हटलं, मामीकडे दिलं, मामा भेटले नाहीत, मामी आठवण काढत होती. ट्रेलरचं सांगितलं नाही. लपवलं असं म्हणायचं का? म्हणायचं.

आईला मात्र मागच्या दारी सांगितलं. ती भांडं घासत होती, घासतच राहिली.

"ठाव हाय," म्हणाली. "काशीनाथनं तवाच सांगितलान."

"आबांना पण?"

"तर. रोज सांजचे हायवेला जाऊन उभे राहात ते कशाला?"

गेल्या हिवाळ्यात आबा रोज संध्याकाळी हायवेपर्यंत जायचे. मी लॅबमधून यायची तेव्हा तिथेच भेटायचे. मला वाटायचं, मला घ्यायला येतात. मैत्रिणींना सांगायची तसं.

५ डिसेंबर, शुक्रवार

कुणी आलं नाही.

आता वालाचं बघायला हवं. भातानंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल होतात, वरून पाणी नाही. मेंढ्या बसवायच्या तर खाचर मोकळं हवं. वाल टाकले की मेंढ्या नाहीत. आणि दोन्हीसाठी ओल तीच. गेल्या महिन्यात जी लवकर उतरावी म्हणून देवाला हात जोडत होते, ती आता टिकावी म्हणून.

मी हिशोबाने सांगितलं, आणखी सात-आठ दिवस. फार तर नऊ. त्यानंतर बी उगवणार नाही.

आई म्हणाली, "तू सांगशील तसा."

नको ना. मी सांगेन तसं नको.

९ डिसेंबर, मंगळवार

काशीनाथकाका थांबले होते. हे मला माहीतच नव्हतं. ढेकूळ दिल्याचं आईकडून कळल्यापासून त्यांनी पेंढा जाळला नाही, नांगर घातला नाही. आज ओटीशी येऊन उभे राहिले, वर आले नाहीत.

"डॉक्टरीण, मी थांबलो गो. आता वल जाते. उद्या वाल टाकतो."

"टाका काका. बरोबर आहे."

"पेंढा नाय जाळत. कुजवतो कोपऱ्यात. तू बोलतेस तसा." मग आबांकडे बघून मोठ्याने, "काय रे, ऐकतोस का? तुजी पोर मला शाळा शिकवते!"

आबा हसले. काका लगेच वळून निघून गेले. डोळे पुसत होते की डोळ्यांत काही गेलं होतं, कळलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ओळीतल्या इतर पाचही शेतांत वाल पडले. आमचं खाचर एक तेवढं उघडं. बाकीच्या दोन खाचरांत आईने आणि मी काल टाकले. एकच्या बांधाशी आलो तेव्हा आई थांबली. मी पाटी काखेत घेऊन उभी. दोघी तशाच घरी आलो.

फावड्याने एक हात माती उकरून बघितली. खाली अजून गार आहे. दोन गांडुळं. परत झाकली.

लॅबमध्ये आज एका आजोबांना रिपोर्ट समजावून सांगत होते. त्यांनी विचारलं, म्हंजे काय करू मी? सांगायला तोंड उघडलं आणि आधी त्यांनाच विचारलं, तुम्ही आत्तापर्यंत काय करत होतात? त्यांनी अर्धा तास सांगितलं. मॅडम घड्याळ बघत होत्या. मी लिहून घेतलं, सगळं.

१४ डिसेंबर, रविवार

आज शेवटचा दिवस धरला होता मी. सकाळी ढेकूळ आणलं. आता ते टणक झालंय, हाताला टोचतं. आबांनी नुसता अंगठा फिरवला त्याच्यावर, कठड्यावर ठेवलं. मी केर काढला तो कठडा सोडून.

आईने वालाच्या बियाणाचं गाडगं कोनाड्यातून काढून उंबऱ्याशी ठेवलं. जेवणं झाली. गाडगं तिथेच.

तीनच्या सुमारास काशीनाथकाकांची हाक, बांधावरूनच. नागोठण्याच्या पुलापाशी मेंढ्या दिसल्या म्हणे, दूधवाल्याने बघितल्या. कुणाच्या ते त्याला माहीत नाही. गडबकडे वळतात की रोह्याकडे, तेही नाही. त्या बाजूने बरेच कळप जातात.

मी आईकडे बघितलं. तिने गाडगं उचललं आणि परत आत नेऊन ठेवलं.

आबांना काहीच सांगितलं नव्हतं, पण काकांची हाक त्यांना ऐकू गेली असणार. "आले?"

"माहीत नाही, आबा," मी म्हटलं. एवढंच खरं होतं.

त्यांनी डावा हात पुढे केला. ढेकूळ दिलं. दाबलं नाही त्यांनी. खुर्चीत हायवेकडे तोंड करून, नुसतं धरून बसलेत.